मीठ बघून सांग

आई, आज पुन्हा दोडका ताटातच राहिला. तुझी नात साडेचार वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस, आणि पाहिलं असतंस तरी काय उजेड पडला असता मला ठाऊक नाही. वरणभात खाते, बटाटा खाते, पोळीला साखर लावून दिली तर ती खाते. बाकी जे काही हिरवं, लाल किंवा बुळबुळीत असेल ते चिमटीत धरून ताटाच्या कडेला लावते, एकावर एक, विटा रचाव्यात तसं. खिचडीत किसून घातलेलं गाजरसुद्धा तिला सापडतं. पोह्यात कोथिंबिरीचं एक पान निघालं की सगळे पोहे बाद. एवढी नजर अभ्यासात लावली तर कलेक्टर होईल, असं तिचा बाप म्हणतो आणि हसतो. त्याला हसायला काय जातंय. मागच्या महिन्यात इथल्या, सावेडीतल्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तपासणी करायला लावली आणि रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. मग मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन बाहेर येताना माझे कान तापले होते.

हो, पर्यवेक्षिका. तुझी लेक मॅडम झाली. नगरच्या आसपासची गावं माझ्याकडे आहेत. स्कूटरवर हिंडते, पोरांची वजनं बघते, दंडाचा घेर मोजायला लावते, आणि बायांना गोल बसवून सांगते की पोराला भाजी कशी खायला घालायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पोरावर ओरडू नका, ताटावर बसवून ठेवू नका, त्याच्या कलानं घ्या, असं मी अगदी गोड आवाजात सांगते. आणि शेवटी माझी ठरलेली युक्ती सांगते. पोर घास घेत नसेल तर त्याला खा म्हणू नका. त्याच्यापुढे चमचाभर भाजी धरा आणि म्हणा, मीठ झालंय का बघून सांग बरं, मला काही कळेना. पोराला वाटतं, अरे, आपल्याला विचारतायत. ते चाखतं, मान हलवतं, अजून एकदा चाखतं. बाया हसतात, पण करून बघतात आणि पुढच्या महिन्यात येऊन सांगतात, मॅडम, खाल्लं की वो पोरानं. मग मी मोठेपणा घेते. ती युक्ती तुझी आहे हे मी आजपर्यंत एकाही बाईला सांगितलेलं नाही.

मी तिसरीत असताना आपल्या गावच्या शाळेत खिचडी शिजायला लागली. त्याआधी तांदूळ वाटायचे, पिशवी घेऊन जायला लागायचं. मग शाळेमागं पत्र्याची शेड झाली आणि तू आणि खालच्या आळीतली मावशी अशा दोघी शिजवायला लागलात. मला आधी काय आनंद झाला होता. माझी आई शाळेत! तू पदर खोचून उभी आहेस, हातात भलामोठा डाव आहे, धुरानं डोळे लाल झालेत, आणि पोरं ताटल्या वाजवत रांगेत उभी आहेत. कर्जतचा बाजार झाला की तू उरलासुरला दुधी, पडलेले टोमॅटो, मेथीची मोकळी झालेली जुडी मागून आणायचीस आणि बारीक चिरून खिचडीत घालायचीस. पहिलीतली बारकी पोरं तोंड वाकडं करायची. एक होता, टोमॅटोचं साल दिसलं तरी रडायचा. त्याला तू शेडच्या पायरीवर बोलावून घ्यायचीस, शेजारी बसवायचीस आणि चमचा पुढे करून म्हणायचीस, मीठ बगून सांग रं जरा, मला म्हातारीला काय कळंना. तू तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हतीस. तो गंभीर तोंड करून चाखायचा आणि म्हणायचा, थोडं कमी हाय. तू खरंच चिमूटभर मीठ घालायचीस. महिन्याभरात त्यानं दुधी खाल्ला, मेथी खाल्ली, सगळं खाल्लं. त्याची आई आपल्या दारात येऊन म्हणाली, बाई, तुमच्या हाताला काय हाय सांगा. तू हसलीस. इतकं छान हसलीस की मी घरात उभी राहून बघतच राहिले.

कारण घरी तू हसायची नाहीस. घरी दोन भाकरी, एक भाजी आणि तुझं ते वाक्य, हाय ते खा, न्हाईतर ऊठ. वडील साखर कारखान्यावर, महिन्यातून एकदा यायचे. घरात आपण दोघीच. तू शाळेतून आलीस की पाठ भिंतीला टेकून बसायचीस आणि मी जवळ आले की म्हणायचीस, अंगावर येऊ नको, जीव गेलाय नुसता. कुणासाठी गेला होता तो जीव? शंभर पोरांना घास भरवून येणारीला घरच्या एकीला विचारता येत नव्हतं, मीठ झालंय का म्हणून? मी वाट बघायचे, आई. खरंच वाट बघायचे. तू शेपूची भाजी ताटात टाकलीस की मी मुद्दाम थांबायचे, तू आत्ता म्हणशील, आत्ता म्हणशील. तू म्हणायचीस, गिळ आता. मग मी पण नाही खायचे. हट्टाला पेटले. शेपू फ्रॉकच्या खिशात कोंबून न्यायचे आणि शेळीला घालायचे. कारलं, दोडका, अंबाडी, सगळं तिनंच खाल्लं. लोकांना वाटायचं मला भाजी आवडत नाही. अगं, भाजीनं माझं काय घोडं मारलं होतं? मला तुला हरवायचं होतं.

आणि तो हिरव्या वाटाण्याचा दिवस. तू विसरली असशील, मी नाही. गावातल्या एका बागायतदारानं पोराचा वाढदिवस म्हणून वाटाण्याची गोणी, फ्लॉवर आणि गाजरं शाळेत पाठवली होती. मी चौथीत. सकाळी सगळ्या वर्गांनी मिळून वाटाणे सोलले होते, निम्मे तर सोलतानाच खाल्ले. दुपारी खिचडीचा असा वास सुटला की गुरुजीसुद्धा दोनदा शेडकडे येऊन गेले. त्या वर्षी तू मला नेहमी शेवटी वाढायचीस. का, ते मला माहीत नव्हतं. मी पुढे उभी राहिले तर डोळ्यांनी मागे घालवायचीस, आणि माझी पाळी येईपर्यंत तळाची खरपुडी राहायची. त्या दिवशी मात्र भरपूर होतं, मलाही वाटाणे आले. घरी भाजीकडे न बघणारी मी, बोटं चाटून खाल्लं. मग इतर पोरं करत होती तेच केलं, ताटली हौदावर घासून धुतली आणि दुसऱ्यांदा रांगेत लागले. मनात एवढंच होतं की तू बघशील, मी भाजी मागतेय. तुला बरं वाटेल. तू डावभर वाढलंस. तुझ्या तोंडावर काहीतरी हललं, मी पाहिलं. तेवढ्यात तुझी नजर माझ्या डोक्यावरून दाराकडे गेली. दारात शाळा समितीतला तो उंच माणूस उभा होता, हाताची घडी घालून. तू माझ्या हातातली ताटली ओढून घेतलीस, त्यातली खिचडी मागच्या पोराच्या ताटलीत ओतलीस आणि मोठ्यानं, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालीस, "एकदा घेतलंस ना? तुज्या घरचं हाय व्हय हे?" पोरं हसली. मी रिकामी ताटली घेऊन वर्गात गेले. ती ओलीच होती, माझ्या दप्तरातली वही त्यानं भिजली.

संध्याकाळी तू डब्याच्या झाकणात थोडी खिचडी घेऊन आलीस. कधी नाही ते. माझ्यापुढे ठेवलीस आणि काही बोलली नाहीस. मी म्हटलं, माझं पोट भरलंय. तू थोडा वेळ उभी राहिलीस, मग झाकण उचललंस आणि बाहेर जाऊन शेळीपुढे ओतलंस. बस. एवढंच झालं आपल्यात. त्यानंतर दुपारच्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या कडुनिंबाखाली बसायला लागले आणि वर्ष संपेपर्यंत तुझ्या हातची खिचडी खाल्ली नाही. रांगेत एक पोरगी कमी आहे हे तुला कळलं नसेल असं मी मानत नाही. टोमॅटोचं साल बाजूला काढणारा पोरगा तुला दिसायचा, मग मी कशी दिसले नाही?

तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा संगमनेरला कॉलेजात होते, कावीळ डोक्यात गेली असा फोन आला आणि मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. दहाव्याला पिंडाजवळ ठेवायला तुझ्या आवडीचं काहीतरी करायचं ठरलं. आत्यानं मला विचारलं, आईला कुठली भाजी आवडायची गं? मला सांगता येईना. एवढी वर्षं एका चुलीपुढे बसलो आपण आणि मला सांगता येईना. शेवटी तुझ्याबरोबर शिजवणारी ती मावशीच म्हणाली, वाटाना घाला, तिला वाटाना लई आवडायचा. मग तिनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या समितीवाल्यानं हेडमास्तरांपुढे तक्रार केली होती की बाईच्या पोरीला आधी भरभरून आणि आमच्या पोरांना उरलंसुरलं. त्याला त्याच्या भावजयीला तिथं लावायचं होतं. म्हणून तू मला शेवटी वाढायचीस. त्या दिवशी मला दुसऱ्यांदा वाढलेलं त्यानं पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुझं काम गेलं असतं. तुज्यासाठीच केलं गं तिनं, मावशी म्हणाली. वाटलं असेल तिला, मी आता रडेन आणि सगळं धुऊन निघेल. मला राग आला. अजून आहे. मला का नाही सांगितलंस? नऊ वर्षांची होते मी, नऊ महिन्यांची नव्हते. संध्याकाळी ते झाकण पुढे ठेवताना एक वाक्य बोलायचं होतंस, तो माणूस दारात उभा होता बाळा, एवढंच. तुझं तोंड झिजलं असतं का? गावातल्या पोरांसाठी तुझ्याकडे शब्दच शब्द होते.

तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या पोरीशी असं वागायचं नाही. ऐक आता मी काय केलं ते. गाजराची फुलं कापली. बीट घालून पुऱ्या केल्या, तर म्हणाली, या लाल आहेत. पालक घालून ढोकळा केला, वाटीभर भोपळा वरणात वाटून घातला, मोबाईलवर कार्टून लावून तोंडात घास सारले. कार्टून संपलं की घास बाहेर. मग एकदा तुझी युक्ती काढली. चमचा पुढे धरला आणि गोड आवाजात म्हटलं, मीठ झालंय का बघून सांग गं. तिनं चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तूच बघ. तुला सांगते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करून आले होते, अहवाल भरायचे राहिले होते. मी तिचं नाक दाबलं, तोंड उघडल्यावर दुधीचा चमचा आत घातला आणि हनुवटी धरून ठेवली. तिनं माझ्या अंगावर ओकलं. मी तिला मारलं. नवरा धावत आला, त्यानं तिला उचलून नेलं आणि मी फरशी पुसत बसले. दुसऱ्या दिवशी एका गावात बायांना सांगत होते की पोराला जबरदस्तीनं भरवू नका, त्याच्या मनात अन्नाची भीती बसते.

मागच्या आठवड्यातलं आता सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. एका अंगणवाडीत पाककृतींचा कार्यक्रम होता. लेकीच्या शाळेला सुट्टी होती, नवऱ्याला कामावर जायचं होतं, म्हणून तिला स्कूटरवर पुढे उभी करून घेऊन गेले. गावातल्या बायांनी घरून काय काय करून आणलं होतं, शेवग्याच्या पाल्याची थालीपीठं, तांदुळजाची भाजी, कोथिंबिरीच्या वड्या. मी सगळ्यांचं कौतुक केलं, फोटो काढले, भाषण केलं. मग सेविकेनं पोरांची रांग लावली आणि ताटल्यांत वाढायला घेतलं. मी नोंदवहीवर सही करून वर पाहिलं तर रांगेत तिसरी माझी लेक. कुणाची तरी स्टीलची ताटली तिनं दोन्ही हातांनी धरली होती. त्यात थालीपीठ होतं, पाल्यानं हिरवंगार झालेलं. पुढच्या पोरानं पाला दाखवून नाक मुरडलं, तर ती त्याला म्हणाली, मी मीठ बघून सांगते थांब. माझ्या कानांनी ऐकलं मी. तिनं तुकडा मोडला. तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या दोन बायांपैकी एक दुसरीच्या कानाला लागली आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी उठले. चार पावलांत तिच्याजवळ गेले, ताटली हातातून काढून घेतली आणि मागच्या पोरीच्या हातात दिली. म्हटलं, "हे आपलं नाही, इथल्या मुलांचं आहे." तिच्या बोटांत तो तुकडा तसाच राहिला होता. तो तिनं हळूच माझ्या टेबलावर ठेवला.

परत येताना रस्त्यात थांबून मी तिला विचारलं, भूक लागली असेल ना, काय खातेस, वेफर्स घेऊ का? ती म्हणाली, माझं पोट भरलंय. आई, तिला हे कुणी शिकवलं? मी तर तिला तुझी एकही गोष्ट सांगितलेली नाही. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की गावातल्या बाया कुजबुजत होत्या, मॅडमची पोरगी अंगणवाडीतल्या खाऊवर ताव मारतेय म्हणून, माझा नाइलाज झाला. तो म्हणाला, गावात तोंडं असतातच. त्या दिवसापासून ती आणखी गप्प बसून भाजी वेचते. आज दोडका उचलून मीच खाल्ला. मीठ बरोबर होतं.

हे अहवालाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलंय, आणि फाईलला लावून कपाटात टाकणार आहे. तुझ्या नावाने टपाल कुठलं जायला. तुला माफ केलंय असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, आणि मेलेल्या माणसाशी तरी खोटं कशाला बोला. फक्त एक दुरुस्ती करते. काल सेविकेचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता तिनं मला सांगितलं की त्या दोन बाया त्या दिवशी म्हणत होत्या, बघा की, मॅडमची लेक कशी आपल्या पोरांत उभी राहिली, लाजली न्हाई, आणि पाला बी खाती. मग तिनं विचारलं, तुमी ताटली का काढून घेतली वो मॅडम? मी काहीतरी सांगून फोन ठेवला. तुझ्या दारात तो माणूस खरंच उभा होता, आई. माझ्या दारात कोणीच नव्हतं.